मेघाच्या गोळ्यांची मी घेतलेली परीक्षा

३ ऑगस्ट
बायकोला, म्हणजे मेघाला, डॉक्टरीणबाईंनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या. साध्या उदासीला देत नाही म्हणाल्या; पण हिची झोप, भूक, कामातलं लक्ष, सगळंच गेलंय. फरक पडायला काही आठवडे लागतील. आठवडे! आमच्या पिंप्राळ्याच्या दुकानातला कूलर बटण दाबताच चालतो. असो. प्रकरण आता मी हातात घेतलं आहे.

९ ऑगस्ट
मेघाला मळमळ. फरक शून्य. सायंटिफिक पद्धतीने तपासायचं ठरवलं. एक गोळी स्वतः खाल्ली.

१० ऑगस्ट
काही झालं नाही. काल आनंदी होतो, आजही आहे. गोळी बोगस.

३० ऑगस्ट
मेघाने आपणहून चहा केला. केस विंचरले. मी रोज सकाळी पाठवतो त्या पॉझिटिव्ह मेसेजचा परिणाम. बरी झाली, मग गोळ्या कशाला? बंद केल्या. मनाने बंद करू नका, असं बाई म्हणाल्या होत्या. त्यांना पेशंट टिकवायचे असतात.

४ सप्टेंबर
मेघाला चक्कर. डोक्यात करंट बसतो म्हणे. औषध शरीरातून निघतंय. उत्तम.

१२ सप्टेंबर
आई कुरकुरली, "पोर जेवत नही शे, तुले दिखत नही का?" आईला सायन्स कळत नाही.

१९ सप्टेंबर
मेघा एकदम शांत. रडणं बंद. कपाट आवरलं, चांगल्या साड्या आईला देऊन टाकल्या. मोह सुटला! आई मात्र साड्या मांडीवर घेऊन नुसती बसून होती.

२० सप्टेंबर
मेघा दुपारी न सांगता बाहेर पडली. शेजारच्या बन्सीलालनानांना असोद्याच्या रस्त्याला, केळीच्या बागेतल्या विहिरीजवळ बसलेली दिसली. हाताला धरून घेऊन आले. हवा खायला गेली असेल, असं मी म्हणालो. आईने मात्र डॉक्टरीणबाईंचा नंबर शोधायला घेतला.

२१ सप्टेंबर
गोळ्या कोणी बंद केल्या, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तिनेच, मी म्हणालो. मेघाने माझ्याकडे पाहिलं.
गोळ्या पुन्हा सुरू. तिची बहीण दिपमाला तिला शिरपूरला घेऊन गेली. गोळ्या दिपमालाच देणार, असा बाईंचा हुकूम. हरकत नाही. मार्गदर्शन फोनवरून करीन.

२५ ऑक्टोबर
शिरपूरला फोन. "ताई झोपलीय, भावजी," दिपमाला म्हणाली. कालही झोपलेली होती, परवाही. एवढी झोप लागते म्हणजे मोठीच सुधारणा. तेच तिला समजावून सांगत होतो, तेवढ्यात मागून मेघाचा आवाज आला. चांगला खणखणीत.
"ठेवला का गं त्यांनी?"