आईला दाखवायचा नव्हता तो गेम

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो का, ते आधी कळव. मेहुण्यांचा खोकला काय म्हणतो? इकडे सगळं ठीक आहे. हेच वाक्य मी मंगळवारी लिहिलं असतं तर शुद्ध थाप झाली असती, म्हणून थांबलो होतो. आज पोटभर जेवलो आणि दुपारी घोरलोसुद्धा (असं हिचं म्हणणं).

तर झालं असं, की बाबांचं कपाट आवरताना आईच्या हाती ती कॅसेट लागली. बाबांनी आपल्या दोघांसाठी स्वतः लिहिलेल्या कॉम्प्युटर गेमची. आई म्हणाली, "तुम्ही तिघं दार लावून काय खिदळायचात, ते मला एकदा बघायचंय." त्यातलं भूत आठवतंय ना? घरभर हिंडून दिवे मालवणारं, अंबाडा घातलेलं, कमरेवर हात ठेवलेलं? बाबांसारखा चष्मेवाला बुटका स्क्रू गोळा करत पळतो आणि ते त्याच्या मागे लागतं? आंधळ्यानेही ओळखलं असतं ते कोण! बाबांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही, आई त्यांच्या खुर्चीत कुणाला टेकू देत नाही, आणि अशात तिला दाखवायचं की नवऱ्याने आणि पोरांनी मिळून तुझं भूत केलं होतं! मी म्हटलं, तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला (खरंच गेला). पण ही घरभेदी निघाली. म्हणाली, अशा जुन्या गेमांवर जीव टाकणाऱ्या हौशी लोकांची वेबसाइट आहे. तिथे ब्राउझरमध्येच तो जुना कॉम्प्युटर हुबेहूब चालतो. कॅसेटमधला आवाज तेवढा उतरवून द्यायचा, की गेम सुरू. झालं, माझा नाइलाज झाला.

कोपऱ्यावरच्या रेकॉर्डिंगवाल्याकडे कॅसेट दिली. जुनी गाणी स्वच्छ करून देण्यात त्याचा हातखंडा. आता, त्या काळी गेम कॅसेटवर साठवायचा म्हणजे नुसता कर्कश खरखराट, हे मी त्याला सांगितलं नाही (मला वाटलं, ऐकल्यावर कळेलच). दुसऱ्या दिवशी गेलो तर स्वारी खुशीत. म्हणाला, "फारच खराब झाली होती हो, पण एकूण एक खरखर काढली बघा!" कानाला लावून ऐकलं, तर चिडीचूप. बाबांचा अख्खा गेम त्याने धुऊन पुसून लख्ख केला होता आणि वर शाबासकीची वाट बघत उभा होता.

खरं सांगतो ताई, क्षणभर वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. आणि लगेच जीव असा तुटला म्हणतेस! बाबा कित्येक रविवार त्या पडद्यापुढे वाकून बसले होते, आणि त्यांच्या हातचं तेवढंच राहिलं होतं. मूळ कॅसेट मागितली तर पठ्ठ्या म्हणतो, "रिकामीच निघाली ना, म्हणून तिच्यावर माझ्या गाण्याचा नमुना भरून देणार होतो. पण मशीन बटणच दाबू देईना." देईल कसं? बाबांनी कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची खिट्टी मोडून ठेवली होती! ती मोडली, की त्या कॅसेटवर नवं काही भरता येत नाही. मी तिथेच दुकानात मनातल्या मनात त्यांच्या पाया पडलो, आणि रेकॉर्डिंगवाल्याकडून खरखराटासकट आवाज उतरवून घेतला. (बिचारा कानात बोटं घालून उभा होता. त्याची कला वाया गेल्याचं दुःख त्याला अजून आहे.)

काल आईला हिच्या लॅपटॉपपुढे बसवलं. कडेला रंगीत पट्टे धावले, तो किंचाळणारा आवाज आला. आई म्हणाली, "हाच तो! मला वाटायचं, तुम्ही मांजर छळताय." मग बुटका आला. मग भूत आलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

आईने चष्मा सारखा केला. "अगं बाई, ही तर मी! अंबाडा बघ, डावीकडे कललेला. इतकं बघायचे होय माझ्याकडे?" आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. ताई, कित्येक महिन्यांनी ती हसली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला आणि मीही रडून घेतलं, लपवत नाही.

मग खेळायला बसली. पण बुटक्याला पळवेचना. नुसती बघत राहायची, भूत येऊन त्याला धरायचं आणि पडद्यावर यायचं, "झोपा आता!" मी म्हटलं, "अगं, बाणाचं बटण दाब, पळव त्यांना." तर म्हणते, "कशाला? जेवायला हाका मारमारून जन्म गेला माझा, कधी हाती लागले नाहीत. आता लागतायत तर लागू देत."

मेहुण्यांना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. बाबांनी प्रोग्रॅम लिहायला शिकवलं ते तुला. मला स्क्रू वेचायला ठेवलं होतं. तेव्हा जमेल तितक्या लवकर चार दिवस ये. आईला त्या गेममध्ये भूत व्हायचंय. बाण दाबले, की बुटक्याऐवजी तिने हलायला हवं, अशी दुरुस्ती करून दे.

आणखी एक ता. क. मग बुटक्याचा वेग जरा कमी करायचा का, असं तू विचारणारच, म्हणून मी आईला आधीच विचारून ठेवलं. नको म्हणाली. "पळू देत त्यांना. मला आता कसली घाई आहे?"