आमची वस्ती पाकिस्तानात गेली त्याची हकीकत

खडकदरा, शिरूर कासारजवळ
२९ जानेवारी १९७३

तीर्थस्वरूप सर्जेराव दाजी यांस, जालिंदरचा वाकून जय भीम.

आपण खुशाल असाल आणि थंडीत पायाची जखम ठणकत नसेल, अशी आशा करतो. मुक्ताक्का आणि दोन्ही लेकरं इकडे आमच्याकडे ठीक आहेत. आई (म्हणजे आपल्या सासूबाई) ठणठणीत आहे, इतकी की परवा तिच्या आवाजाची दखल पोलीस पाटलाला घ्यावी लागली, ते पुढे येईल. पाऊस नाही, पीक नाही, विहिरीत पाणी नाही, बाकी काही कमी नाही. मी दुष्काळी कामावर खडी फोडतो, दुपारी कामावर वाटतात ती सुकडी खातो, रात्री लाल मिलोची भाकरी खातो. ही मिलो अमेरिकेची आहे म्हणतात. गेल्या लढाईत तुमच्या अंगावर आरमार पाठवणारी अमेरिका तीच की दुसरी, हे मी कुणाला विचारत नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी भाकरी तीच खायची आहे.

पत्रास कारण की, आमची वस्ती पाकिस्तानात गेली. घाबरू नका, क्रमाने सांगतो.

आपल्या सोसायटीचे चेअरमन बंकटराव तुम्हाला आठवत असतील. लढाईहून आल्यावर गावचा जावई म्हणून त्यांनीच तुमचा सत्कार केला होता (हार तुमच्या गळ्यात, भाषण त्यांचं, तेही दीड तास). दुष्काळात सोसायटीकडे वाटायला खत नाही, बियाणं नाही, त्यामुळे चेअरमनांना विचार करायला फार वेळ मिळतो. सोसायटीच्या रेडिओवर ते दिवसभर क्रिकेट ऐकतात. चेंडू कसा दिसतो हे त्यांना नीटसं माहीत नाही, पण गोऱ्यांना त्यांच्या अंगणात हरवलं तेव्हापासून खाली बसतानासुद्धा ते छाती काढून बसतात. देशाला पंचवीस वर्षं झाली, आता देश वयात आला, असं त्यांचं म्हणणं. एकदा खडीच्या ढिगावर उभे राहून ते आम्हाला म्हणाले, ‘‘देश म्हंजी काय रं? दोनच गोष्टी. एक लढाई, दुसरी म्याच. लढाई मागंच झाली. आता म्याच आपून घेऊ.’’

तर सव्वीस जानेवारीला गाव विरुद्ध वस्ती असा हुतुतूचा सामना ठरला. बक्षीस असं की, जिंकणाऱ्यांच्या विहिरीत सगळा उन्हाळा टँकर आधी रिकामा होईल. दाजी, हे ऐकून आमच्या वस्तीत त्या दिवशी कुणी जेवलं नाही. टँकर तिसऱ्या दिवशी येतो, तो आधी गावच्या विहिरीत सोडतात आणि उरलं तर आमच्या. गेले दोन महिने आमच्या वाट्याला टँकरचा फक्त आवाज येतो. मुक्ताक्का पहाटे उठून सिंदफणेच्या वाळूत झिरा उकरते, वाटीवाटीनं घागर भरते आणि दीड कोस चालत येते. तिला मी हे तुम्हाला कळवू नको म्हणून शपथ घातली होती, आणि आता मीच कळवतो आहे.

नावाशिवाय सामन्याला जोर येत नाही, म्हणून चेअरमनांनी एका संघाचं नाव भारत ठेवलं आणि दुसऱ्याचं पाकिस्तान. पाकिस्तान व्हायला कोण तयार होणार? मग नाणेफेक ठरली. ती सोसायटीच्या हापिसात दार लावून झाली. आत चेअरमन होते, पंच म्हणून रामकिसन मास्तर होते आणि नाणं होतं. नाणं आमच्या विरुद्ध पडल्याचं आम्हाला बाहेर येऊन सांगण्यात आलं. आम्ही कुरकुर केली, तर मास्तर म्हणाले, पाकिस्तान नसेल तर सामना नाही आणि सामना नसेल तर बक्षीस नाही. हिशेब बिनतोड होता. अशा रीतीने मी, ज्याचा सख्खा मेहुणा पूर्वेच्या आघाडीवर पायात गोळी घेऊन आला, पाकिस्तानचा कप्तान झालो.

सामन्याला सगळी खडी, सगळे मुकादम, झाडून सगळं गाव हजर होतं. भारताचा कप्तान मुंजाजी. तो आणि मी एकाच ढिगावर खडी फोडतो, त्यामुळे त्याचा दम कुठे तुटतो हे मला पाठ आहे. पहिल्या पाच मिनिटांत आमच्या शहादेवने भारताचे तीन गडी बसवले. आमच्या बायका आधी लाजून बसल्या होत्या, काय म्हणून ओरडावं ते त्यांना कळेना. पण मुंजाजी चढाई करून आमच्या हद्दीत आला आणि मी त्याचा घोटा धरला, तेव्हा आई उभी राहिली आणि साऱ्या पंचक्रोशीला ऐकू जाईल असं ओरडली, ‘‘धर रं पाकिस्तान, सोडू नगंस! घागरी कोरड्या हायती!’’ झालं. सगळ्या वस्तीनं तोच गजर धरला. प्रजासत्ताक दिनी, झेंड्यापासून वीस पावलांवर. पोलीस पाटील वही काढून आईजवळ गेले आणि नाव विचारलं. आई म्हणाली, ‘‘चतुराबाई लिव्हा. जावई पलटणीत हाय, त्येबी लिव्हा.’’ पाटलांनी वही मिटली.

मध्यंतरात रामकिसन मास्तर माझ्या कानाला लागले. म्हणाले, ‘‘जालिंदर, देशासाठी हारा की रं बाबा.’’ मी त्यांना म्हणालो, गुरुजी, देशासाठी आम्ही काहीही करू, पण अक्कासाठी जिंकावं लागेल. आणि आम्ही जिंकलो. एकतीस विरुद्ध एकोणीस. दाजी, खरं सांगतो, मला रडू आलं. मला वाटलं, उद्यापासून अक्का उजाडेपर्यंत झोपेल.

मग चेअरमनांनी खिशातून कार्यक्रमपत्रिका काढली. ती आठ दिवस आधीच छापून आली होती, आम्हाला कुणी दाखवली नव्हती इतकंच. त्यात होतं: चार वाजता सामना, साडेपाच वाजता पाकिस्तानची शरणागती, सहा वाजता भारतास बक्षीस. छापलेलं बदलता येत नाही, असं मास्तर म्हणाले. मग आम्ही सातही गडी रांगेत उभे राहिलो, हात वर केले, आणि सोसायटीच्या कागदावर मी शरणागतीची सही केली. आम्ही ज्यांना नुकतंच लोळवलं होतं त्यांनी ती स्वीकारली. मुंजाजी लंगडत पुढे आला, माझा हात धरला आणि हळूच म्हणाला, ‘‘माफ कर गड्या, मला लई लाज वाटायलीय.’’ गावात तेवढ्या एकट्यालाच ती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी चेअरमनांकडे गेलो. म्हटलं, ‘‘आवो, जितलो तर आमी.’’

‘‘जितलं ते पाकिस्तान,’’ चेअरमन म्हणाले. ‘‘पाकिस्तानला पाणी पाजायला म्या काय गद्दार हाय?’’

‘‘पर म्याच संपली न्हवं. आता आमी परत भारतच की.’’

‘‘तसा ठराव झाला न्हाई अजून. मार्चात सभा हाय, इषय मांडू.’’

मागच्या मार्चातली सभा कोरम नव्हता म्हणून तहकूब झाली होती, ती अजून तहकूबच आहे. काल टँकर आला. तो भारतात रिकामा झाला आणि आमच्याकडे न वळताच परत गेला. पूर्वी आवाज तरी यायचा. अक्का रोजच्यासारखी पहाटे नदीला गेली.

बाकी सर्व क्षेम. आपण जिवाला जपावं. लेकरांचे पापे, आईचा आशीर्वाद.

आपला मेहुणा,
जालिंदर

ता. क. – आमच्यासाठी काही पाठवू नये. फक्त पलटणीच्या शिक्क्याच्या कागदावर साहेबांकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात, की सर्जेराव हे लढाईत भारताच्या बाजूने होते आणि त्यांची बायकापोरं राहतात ती वस्ती भारतात आहे.

ता. क. दुसरा – वरची ओळ रद्द समजावी. मुक्ताक्काला पत्र वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, असला कागद आला तर त्याच्यावरही चेअरमन सभा बोलावतील. तिने निराळंच विचारलंय. तुम्ही सध्या ज्या तळावर शरण आलेल्या पाकिस्तान्यांवर पहारा देता, तिथे त्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी मिळतं, असं तुम्ही रजेवर आला तेव्हा सांगितलं होतं. ते कोणत्या कायद्याने मिळतं, त्याचं कलम तेवढं उलट टपाली कळवावं. आमची शरणागती सहीनिशी झालेली आहे.