अण्णांचा टॅब मी बघतो

१२ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ७

बंगळूरच्या बसवनगुडीत सासरी जेवण. आज एक जबाबदारी अंगावर घेतली. माणसाने वर्षातून एक तरी घ्यावी.

विषय असा. सासरे विठ्ठलराव, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, वय एक्याऐंशी. जन्मभर चिकपेटेत कापडाचं दुकान चालवलं, आता ते मेहुणा विनोदकुमार बघतो. अण्णांना वाचनाचा नाद. एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीचे दोन भाग त्यांनी गल्ल्यावर बसून वाचले. तिसरा 'निवांत वाचू' म्हणून राहिला, आणि आता डोळे चालले. उजवा गेल्यात जमा. डाव्याने मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, मोठी आणि उजळ अक्षरं असतील तर अजून थोडे दिवस वाचता येईल. साधासा टॅब घेऊन द्या, उशीर करू नका.

विनोदकुमार लगेच चपला घालून तयार. कोपऱ्यावरच्या दुकानातून तासाभरात आणतो म्हणाला. मी हात वर करून थांबवलं. टॅब म्हणजे कोथिंबिरीची जुडी नव्हे. अभ्यास लागतो. म्हटलं, मी बघतो.

सासूबाईंनी डोळ्यांनीच विनोदकुमारला चपला काढायला लावल्या. या घरात माझ्या शब्दाला किती वजन आहे ते माझ्या बायकोने, शिल्पाश्रीने, आज प्रत्यक्ष पाहिलं.

संकल्प: पुढच्या रविवारी टॅब अण्णांच्या हातात.

१३ एप्रिल. दुपारी ३

ऑफिसात एक्सेल उघडली. सात टॅब, एकोणीस रकाने. शेजारच्या टेबलावरच्या मनस्विनीने कौतुकाने पाहिलं आणि विचारलं, सासऱ्यांना काय काय करायचंय? म्हटलं, एक पुस्तक वाचायचंय. ती बराच वेळ शीटकडे बघत राहिली. प्रभावित झाली असावी.

१९ एप्रिल, रविवार

टॅब नाही. कारण गंभीर आहे. यंत्र महत्त्वाचं नसतं, इकोसिस्टिम महत्त्वाची असते. हे मला शुक्रवारी कळलं. डॉक्टरांना अजून माहीत नसावं.

स्वस्त टॅब विकणारी कंपनी आपल्याला टॅब विकत नाही, घरजावई करून घेते. राहायला जागा जवळजवळ फुकट, पण जेवायचं तिच्याच ताटात. पुस्तक तिच्याच दुकानातलं, गाणी तिचीच, सिनेमे तिचेच. एकदा तिथे बस्तान मांडलं की बाहेर पडायचं ते नेसत्या वस्त्रानिशी. जेवताना हे सगळं समजावून सांगितलं. मी घरजावयाचा दाखला दिला तेव्हा विनोदकुमारला ठसका लागला. सासूबाई त्यांच्या कन्नड वळणात म्हणाल्या, सरी, ठीक आहे, स्वल्प वेळ लागला तर लागू द्या. समजूतदार बाई.

अण्णांनी फक्त विचारलं, अक्षरं मोठी होतात ना? म्हटलं, अण्णा, तो सगळ्यात सोपा रकाना आहे.

२५ एप्रिल. सकाळी १०

सातातले दोन उरले. लिओरा आणि बोधी.

लिओराच्या दुकानात तिसरा भाग आहे. पण त्यांच्या टॅबचा पडदा मिणमिणता, आणि उघडला की आधी प्रेशर कुकरची जाहिरात.

बोधीचा पडदा लख्ख, अक्षरं बोराएवढी. पण त्यांच्या दुकानात फक्त पहिला आणि दुसरा भाग. तिसरा आहे, तो कन्नड अनुवाद.

माझ्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. अण्णांचं सगळं शिक्षण कन्नडात झालेलं! फोन केला. अण्णा म्हणाले, दोन भाग ती माणसं मराठीत भांडली, आता तिसऱ्यात कन्नडात समेट करतील ते मला खरं वाटायचं नाही. बुद्धी शाबूत आहे. म्हणजे डोळ्यांचंही इतकं काही नसावं. घाई नको.

३ मे, रविवार

धोरणात्मक पाऊल उचललं. लिओराचा उन्हाळी सेल आज संपत होता, म्हणून तिसरा भाग विकतच घेऊन टाकला. वर वर्षाची मेंबरशिप. टॅब नंतर बघू, पुस्तक तर हातात आलं. म्हणजे फोनात आलं.

शिल्पाश्री म्हणाली, आता टॅबही लिओराचाच घ्यावा लागेल ना? हा प्रश्न माझ्या लक्षात आला नव्हता असं नाही.

दुपारी सासरी फोनवरच प्रात्यक्षिक दिलं. अण्णांनी फोन कानाजवळ धरला, मान वाकडी केली, तिरपं बघत दोन ओळी वाचल्या. मोठ्याने. सासूबाई पदर सावरून ऐकायला बसल्या. मग अण्णा थांबले. म्हणाले, मधलं अक्षर गिळतोय हा. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही, तसं झालंय.

टीप: चकाकी कमी करणारी स्क्रीन बघणे. विसावा रकाना.

१० मे, रविवार

शोध! बोधीच्या टॅबवर लिओराचं अ‍ॅप चालतं. म्हणजे पडदा बोधीचा, पुस्तक लिओराचं. दोन्ही कंपन्यांना शेंडी लावली. आता फक्त बोधीचं नवं मॉडेल जूनमध्ये येतंय अशी बातमी आहे. थांबावं का?

विनोदकुमारला कुठल्याशा व्यापारी मेळाव्यात लकी ड्रॉमध्ये टॅब लागला. तो संकोचत म्हणाला, भावजी, तुमचा येईपर्यंत हा ठेवू का अण्णांजवळ? मी रॅम विचारली. त्याला माहीत नव्हती. मी फक्त हसलो. सासूबाईंनी तो टॅब उचलून कपाटात ठेवला.

१७ मे, रविवार

आजपासून अधिक महिना. जावयाचं वाण. तेहतीस अनारसे, पितळी निरांजन, धोतरजोडी. आमच्या पुण्यात हल्ली इतकं साग्रसंगीत कुणी करत नाही. या लोकांच्या चारशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजांनी बंगळूरला येताना बरोबर काय आणलं माहीत नाही, पण जावयाचा मान नक्की आणला.

अण्णांनी स्वतः गंध लावलं. ते माझ्या भुवईवर आलं. नारळ त्यांनी मोठ्या आदराने विनोदकुमारच्या हातात दिला. विनोदकुमारने तो माझ्याकडे सरकवला. त्या हॉलमध्ये उजेड फार कमी आहे. बल्ब बदलायला सांगितलं.

घरी आल्यावर शिल्पाश्री रडली. म्हणाली, कुठलाही आणा, पण उद्या आणा. मी विचारलं, मग इतके दिवस कुणी काही बोललं का नाही? तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. आई म्हणते, जावयांनी शब्द दिलाय. त्यांचा शब्द असताना दुसरा टॅब घरात आला तर त्यांचा अपमान होईल. विनोदला तर तिने त्या दिवसापासून टॅबच्या दुकानाच्या बाजूला फिरकू दिलं नाही.

इतका मान. मला भरून आलं. सासर असावं तर असं.

१८ मे. सकाळी ९

बोधीची ऑर्डर दिली. नवं मॉडेल गेलं उडत.

२२ मे

आला. लगेच नेऊन देणार नाही. नवीन यंत्र आठवडाभर चालवून बघावं, दोष असेल तर तेव्हाच कळतो. आज चाचणी म्हणून क्रिकेट पाहिलं. उद्या पुन्हा.

२९ मे

डाव्या कोपऱ्यात एक ठिपका. मोहरीएवढा. अण्णांच्या तिसऱ्या भागावर ठिपका चालणार नाही. परत पाठवला.

शिल्पाश्री आठवडाभरासाठी माहेरी गेली. आईला अनारशांत मदत हवी म्हणाली. अनारसे तर झाले.

५ जून

दुसरा आला. ठिपका नाही. लिओराचं अ‍ॅप घातलं, माझ्या घरच्या मेलने लॉगिन केलं, तिसरा भाग उघडला. अक्षरं इतकी मोठी केली की एका ओळीत तीन शब्द. परिपूर्ण.

७ जून, रविवार. संध्याकाळी ६

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा. मोठ्या सोन्याच्या अक्षरांनी.

टॅबला हळदकुंकू वाहिलं. अण्णांनी तो दोन्ही हातांत घेतला, काचेवरून हात फिरवला, कापडाचा पोत बघतात तसा. मी पान उलटायचं कसं ते दाखवलं: बोट उजवीकडून डावीकडे. एकदाच दाखवलं. एक्याऐंशीव्या वर्षी ही ग्रहणशक्ती!

अण्णा वाचायला बसले. चाळीस मिनिटं. मी घड्याळ लावून पाहिलं. ठरावीक वेळाने पान उलटत होते, अगदी तालात. मोठ्याने नाही, मनातल्या मनात. मग म्हणाले, फार छान, बिंदुमाधवराव. तिसरा भाग सुरू झाला एकदाचा. फार कष्ट घेतलेत तुम्ही.

सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. विनोदकुमार उठून गॅलरीत गेला. हेवा, दुसरं काय.

८ जून

ऑफिसात मनस्विनीला सांगितलं, आठ आठवडे लागले, पण काम चोख. तिलाही तिच्या वडिलांसाठी टॅब हवाय. म्हटलं, मी बघतो. ती घाईघाईने म्हणाली, नको, आजच घेते.

१० जून. रात्री ८

अण्णांचा फोन. स्वतःहून! विचारलं, कुठपर्यंत आलात? म्हणाले, कहाणी फार रंगलीये. तो सरदार किल्ला सोडून बंगळूरला आला. लढाईचा कंटाळा आला त्याला. चिकपेटेत भाड्याने गाळा घेतला. पहिल्या दिवशी एकही गिऱ्हाईक नाही. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी आली, नातीच्या परकराला कापड हवं होतं, हाताने चाचपून म्हणाली, हे दे. तिथून बरकत आली.

लेखकाने चिकपेटेचा अभ्यास फार केलेला दिसतो. त्या काळी तिथे टेरिकॉट मिळायचं हे मला माहीत नव्हतं.

१३ जून, शनिवार. दुपारी १२

सहज माझ्या फोनवर लिओरा उघडलं. किती टक्के वाचलं ते तिथे दिसतं. शून्य टक्के.

सिंकचा घोळ. कंपनीला फोन लावला, चांगला खडसावला. त्या मुलीने शांतपणे तपासलं. म्हणाली, सर, पुस्तक तुम्ही ऑफिसच्या मेलवर घेतलंय. टॅब दुसऱ्या मेलवर आहे. त्या टॅबवर पुस्तक नाहीच, फक्त दोन पानांचा नमुना आहे. त्याच्या पुढे वाचताच येत नाही, सर.

पण ते रोज वाचतायत, मी म्हणालो. ती म्हणाली, शक्य नाही, सर. आणखी काही मदत हवी आहे का?

नाही म्हटलं.

१४ जून, रविवार

एकटाच गेलो. मॅजेस्टिकला गाडी बदलताना दोन मेट्रो सोडल्या.

अण्णा खिडकीपाशी खुर्चीत. मांडीवर टॅब. मी चपला काढून मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर बोराएवढ्या अक्षरांत: नमुना संपला. पुढे वाचण्यासाठी पुस्तक विकत घ्या. अण्णांनी बोट उजवीकडून डावीकडे नेलं. थोडा वेळ थांबले. पुन्हा नेलं.

सासूबाईंनी स्वयंपाकघरात बोलावलं. हळू आवाजात म्हणाल्या, कळलं का तुम्हाला? मी मान हलवली. मेच्या मध्यापासून त्यांना अक्षर दिसत नाही, त्यांनी सांगितलं. टॅब यायच्या आदल्या रात्री अण्णांनी सगळ्यांना बजावलं होतं: जावयांनी इतक्या आवडीने आणलाय, कुणी तोंड उघडायचं नाही, मी वाचणार. मग त्या म्हणाल्या, तुम्हीही कळू देऊ नका. एवढं करा.

मी आठ आठवडे लावले. पाच आठवडे त्यांना दिसत होतं. हे कुठल्या रकान्यात घालू कळत नाही.

बाहेर आलो. वाचून दाखवू का, असं ओठावर आलं होतं. पण ते विचारलं की मला कळलंय हे त्यांना कळणार. मग चार्जिंग बघतो म्हणून टॅब घेतला, ऑफिसच्या मेलने लॉगिन केलं. पुस्तक उघडलं. सगळं. साडेपाचशे पानं. पहिल्याच पानावर तो सरदार लढाईत मेलेला आहे.

टॅब त्यांच्या हातात परत दिला आणि शेजारी बसलो. विचारलं, दुकानाचं पुढे काय झालं?

अण्णांचा चेहरा खुलला. म्हणाले, आता त्याने धाकट्या भावाला गावाहून बोलावून घेतलंय. भाऊ हुशार, पण मापात मारतो. एकदा सरदाराने त्याला गिऱ्हाइकासमोर मोजायला लावलं, तेव्हापासून सरळ झाला. मधे मधे ते पान उलटत होते. एकदा बोलण्याच्या भरात उलटायचं विसरले, तेव्हा मी म्हटलं, अण्णा, पान संपलं वाटतं. ते म्हणाले, हो की. आणि उलटलं.

तासाभराने म्हणाले, आज इतकंच. डोळे दमले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि परत घातला. मी सरी म्हटलं आणि टॅब चार्जिंगला लावला.