डावऱ्या हाताची चूल

अहो,

आपल्या डावऱ्या लेकाला गाडीवर सोडायला जातेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

तेलाच्या डब्याची तुम्ही केलेली चूल त्याच्या सामानात दिली. तुम्ही शिकवलंत तसंच म्हटलं, बाजारातून आणली. तुमचं नाव काढलं असतं तर त्याने हातही लावला नसता. दुकान सोडून डोंगरात लोकांना वाटा दाखवायला निघाला, म्हणून तुम्ही दोघं तोंडं फिरवून बसलात आणि खोटं बोलायला मी!

तेही टिकलं नाही. घासून गुळगुळीत केलेल्या कडेवरून त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "आई, लाकडं सारायचं तोंड डावीकडे आहे. बाजारात डावऱ्या हाताची चूल कोण विकतं?"

लहानपणी त्याच हातावर तुम्ही पट्टी मारायचात. त्याने चूल पांघरुणात गुंडाळली आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवली.

मग विचारलं, "बाबा?" मी म्हटलं, दुकानात गेलेत, काम होतं.

आत्ता बूट घालताना त्याला खुंटीवर दुकानाची किल्ली दिसली. खाली जाऊन रस्त्याकडे बघत उभा राहिलाय.

तुमचाच मुलगा.