नावांची वही

सर, आज तुमच्यावर रागावून लिहितोय. तुम्ही असता तर तोंडावर बोलायची हिंमत झाली नसती. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण विभागाच्या भिंतीवर तुमचा फोटो आहे. घरी देवापुढं जोडतो तसेच रोज सकाळी तिथं हात जोडतो. या आठवड्यात जोडले नाहीत.

नवऱ्यानं टाकलेल्या बायकांच्या मुलाखती घेत आपण सोयगावकडची गावं फिरलो, तेव्हा तुमचा नियम एकच होता. मुलाखतीवर नुसता नंबर, नावं वेगळ्या वहीत, वही लोखंडी कपाटात. एकदा फर्दापूरच्या टपरीवर मी मुलाखतींची पिशवी विसरलो. पुढच्या एसटीनं परत जाऊन आणली. संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे, काकू भाकरी थापतायत, तुम्ही पाटावर.

"सापडली, सर. आणि नावं नव्हतीच त्यात."

"गावाला नाव लागत नाही. हकिगतीवरून बाई ओळखतात. पिशवी नाही, बायका ठेवून आलास तू टपरीवर. बस, जेव."

निवृत्त होताना तुम्ही कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवलीत. त्या बायकांना शब्द तुम्ही दिलात आणि जन्मभर पाळायला मला ठेवून गेलात. राग त्याचा आहे.

आता ते कागद स्कॅन होऊन कॉम्प्युटरवर आलेत. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेला संयुक्त संशोधनासाठी ते हवे होते. त्यांची व्यवस्था चोख होती: प्रत्येकाला वेगळं खातं, मोबाइलवर कोड आला तरच फाइल उघडणार. फक्त अर्जावर आपल्या साहेबांची सही लागत होती. ती चार दिवस आली नाही. मग आपल्या विभागातल्या तरुण प्राध्यापकानं सगळं एका फाइलीत बांधलं, पासवर्ड घातला आणि लिंक प्रकल्पाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली.

"लॉक आहे ना सर फाइलला! कशाला टेन्शन घेता?"

"पासवर्ड कुठं दिलास?"

"तिथंच, लिंकखाली. कुणाला शोधत बसायला नको."

किल्ली कुलपालाच बांधून ठेवली! आणि नसता दिला तरी काय? पासवर्ड म्हणजे तुमचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. विभागात वायफायपासून निकालापर्यंत सगळ्याला तोच. तुमच्या पहिल्या पुण्यतिथीला फोटोला हार घालून आम्ही तो ठरवला होता, श्रद्धेनं. तेरा वर्षांत इथून शिकून गेलेल्या प्रत्येकाला तो पाठ आहे.

ग्रुपवरच्या एका विद्यार्थ्यानं फाइलीत आपल्या गावाचं नाव पाहिलं आणि फाइल गावाकडं पाठवली. सोमवारी मला एका बाईंचा फोन आला. तुम्हाला आठवतील, मांडीवर तान्हं घेऊन बोलल्या होत्या. नवरा वारला असं सांगून त्यांनी ते पोर दूरच्या मावशीकडं राहून वाढवलं. नवरा फुलंब्रीत दुसरा संसार मांडून बसलाय, हे त्यांनी फक्त आपल्याला सांगितलं होतं.

"तुमच्या मोठ्या सरांनी सांगितलं व्हतं, नाव भाईर जाणार नाय. मग माझ्या लेकाच्या मोबाइलात कसं आलं वो?"

मी म्हणालो, चौकशी लावतो.

"चौकशी काय करता? पोरगं बापाला बघाया फुलंब्रीला गेलंय. तीन दिस झाले, फोन बंद हाय. जाताना म्हणलं, तू लई खोटी हायेस. मला म्हणलं, सर. मला!"

चौकशी समितीनं अहवालात 'तांत्रिक त्रुटी' लिहिलं. सही अडवणारे साहेबच समितीचे अध्यक्ष! चहा पिऊन उठले. मला मात्र त्यांनी एक प्रश्न विचारला होता: नावांची वही त्या फाइलीत आली कशी?

वहीला वाळवी लागली होती, सर. उन्हाळ्यात मीच ती कपाटातून काढली, स्कॅन केली आणि हाताशी असावी म्हणून मुलाखतींशेजारीच ठेवली. किल्ली माझ्या एकट्याकडं होती. खुलाशात मी लिहिलं, "नावं आणि मुलाखती एकत्र ठेवण्याची पद्धत दिवंगत सरांच्या काळापासूनची आहे." त्यांनी ते लगेच मान्य केलं. तुम्हाला कोण विचारणार होतं?

हा कागद घडी करून त्याच वहीत ठेवतोय. पासवर्ड सकाळी बदलला. खुलासा अजून परत घेतलेला नाही.