टपालवाल्या कोल्ह्याचं लंगडणं

विल्बर, नेब्रास्का
३ मार्च १९५७

चि. सौ. व्लास्टा हिस,
मिलाडाताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल. एमिलचा खोकला गेला. आमचं थिएटर चालू आहे एवढंच म्हणायचं; लोक आता घरीच टीव्हीपुढे बसतात. तुमच्या हॉलिवूडला मार्चमध्येही स्वेटर लागत नाही म्हणे. मजा आहे बाई तुमची.

आता मुद्द्याचं. शनिवारी मुख्य सिनेमाआधी तुमच्या स्टुडिओचं नवं कार्टून लावलं होतं. त्यात एक टपालवाला कोल्हा आहे. तो रस्त्याने चालायला लागला आणि मी दारातच थिजले. डावी टाच जराशी उशिरा टेकते, मग तोल सावरायला उजवा हात टोपीकडे जातो. व्लास्टा, ते आपले बाबा होते. आरशासमोर स्वतःचंच लंगडणं बघून त्यांनी ती चाल तुमच्याच स्टुडिओच्या म्हाताऱ्या अस्वलासाठी काढली होती, आणि आपण दोघी पलंगावर बसून हसत होतो. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मग या कोल्ह्याला ती दिली कुणी?

बाबांच्या चित्रांची पेटी तुझ्या गॅरेजमध्ये आहे. तुझ्या रॉयरावांनी नवी गाडी घेतल्याचं तूच लिहिलं होतंस. मी काही म्हणत नाही, नुसतं विचारते. एमिलच्या मते मी राईचा पर्वत करते आहे.

लोभ आहेच, पण सध्या तो जरा कान टवकारून बसला आहे.

तुझी
मिलाडा

हॉलिवूड
११ मार्च

ती. मिलाडाताईस,
व्लास्टाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून डोकं फिरलं. विचारायचं तर सरळ विचार, गाडीवरून आडून आडून कशाला? त्या पेटीवर तुझा पहिल्यापासून डोळा आहे, हे मला कळत नाही का?

आणि तो कोल्हा माझ्या हाताखालून गेलाय. चित्रकारांची पेन्सिलची चित्रं आम्ही मुली पारदर्शक तावांवर शाईने गिरवतो. एकेक चित्र, एकेक ताव. दोन आठवडे मी त्याच कोल्ह्यावर होते. त्यात बाबा असते तर मला दिसले नसते?

तरी तू डोक्यात किडा सोडलासच. काल गॅरेजमध्ये गेले, तर पेटीची कडी नवी. रॉयला विचारलं. जुनी गंजून तुटली म्हणून बदलली, असं म्हणाला आणि ताटावरून उठून गेला. राग आला की चोरी पकडली गेली, मला सांगता येत नाही. पेटी उघडायचा धीर होत नाही.

एमिलभाऊजींना नमस्कार. तुला राग आला असला तरी पत्र पाठव.

व्लास्टा

विल्बर
१८ मार्च

चि. सौ. व्लास्टा हिस, आशीर्वाद.

माझा डोळा कुठे आहे ते राहू दे. एमिलने ते जुनं अस्वलाचं कार्टून मागवलं आणि दोन्ही पाठोपाठ लावली. पावलाला पाऊल जुळतं. अस्वलाच्या वेळी अख्खा बाजार मागे सरकत होता, कोल्ह्याच्या मागे मात्र तेच एक झाड पुन्हापुन्हा येतं. फक्त शेवटी, फाटकापाशी, कोल्हा क्षणभर धड सरळ चालतो. चोर तिथे चुकला.

पेटी उघड. नाहीतर ती तूच विकलीस असं मी समजेन. तेवढं समजायची पाळी आणू नकोस, एवढी माया अजून शिल्लक आहे.

मिलाडा

हॉलिवूड
२७ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

रॉयच्या देखत पेटी उघडली. अस्वल जसंच्या तसं आहे, बाबांनी मारलेल्या सुतळीच्या गाठीसकट. रॉयने झाकण लावून कडी घातली, ते जास्त लागलं.

मग स्टुडिओत बाबांच्या बरोबरीच्या म्हाताऱ्या चित्रकाराला, ऑगस्टला गाठलं. त्याने सांगितलं, पेटीतली चित्रं बाबांची कच्ची होती, पक्की स्टुडिओच्या तळघरातच पडून असतात. थिएटरवाले कार्टूनला आता काही देत नाहीत, म्हणून नवी चाल काढायला सवड कुणालाच मिळत नाही. जुनी चित्रं खालून दिवा असलेल्या काचेवर ठेवायची आणि अस्वलावर कोल्हा काढायचा. त्याने स्वतःच काढला, आणि चाल बाबांची हे त्याला ठाऊक होतं. कुणा टुकार माणसाची उचलण्यापेक्षा बोहुमिलची उचलली, असं तो अगदी शांतपणे म्हणाला. उन्हाळ्यात त्यालाही कामावरून काढणार आहेत.

पूर्वी प्रत्येक नवं कार्टून आम्हा सगळ्यांना केक-कॉफीसह दाखवायचे. काटकसरीत ते बंद झालं. आपण गिरवलेलं हलताना कसं दिसतं, हे मी वर्षभर पाहिलेलंच नाही. काल तिकीट काढून गेले. रॉय आला, माझ्याशी न बोलता शेजारी बसला.

ताई, बाबाच होते ते. त्या एकाच झाडापुढून जात होते, टोपीला हात लावत. मला रडू आवरेना. रॉयने रुमाल दिला.

आणि मग फाटक आलं. शेवटचा गठ्ठा गिरवताना डावी टाच मला प्रत्येक चित्रात चुकलेली वाटली होती. हल्ली घाईत काहीही काढून पाठवतात, म्हणून चिडून मीच ती सरळ करत गेले. तुझा चुकलेला चोर मी आहे. बाबा जन्मभर लंगडले, ताई, आणि तेवढी चार पावलं सरळ चालले.

एमिलभाऊजींना सांग, कार्टून अजून आठवडाभर ठेवा. आम्ही दोघं त्याच गाडीने येतोय. तोवर संशय राहिला तर राहू दे, मला मात्र तुझी माया हवी आहे.

तुझी
व्लास्टा