कॅमेऱ्याला आलेल्या तीन शिंका

ती. आत्यास,

खुर्चीवरून उठून, कमरेत वाकून नमस्कार. (तुला आता तो दिसणार नाही म्हणून लिहून कळवतोय. पण केला.) तुझी सर्दी कशी आहे? ती झाल्याचं मला आणि माझ्या ऑफिसातल्या दोनशे बारा लोकांना मंगळवारी सकाळी एकदमच कळलं. तेव्हापासून निम्मे लोक रोज तुझी विचारपूस करतात आणि निम्मे नुसतेच हसतात. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून सगळं सविस्तर पत्रातच लिहितो. इकडे सगळे ठीक. मांजर सुटलं आहे. मी वाळलो आहे, पण ते काळजीने.

तुला माहीतच आहे, मी विमा कंपनीचं काम घरून करतो. लोकांच्या आजारपणाचे कागद माझ्या पडद्यावर येतात आणि ते दुसऱ्या कुणाच्या नजरेस पडता कामा नयेत. वर्षाच्या सुरुवातीला आमच्या मोठ्या बाईंनी घरून काम करणाऱ्या सगळ्यांच्या सुरक्षेची जबाबदारी माझ्या गळ्यात घातली. (एका बैठकीत मी 'पासवर्ड बदलायला हवेत' एवढंच म्हणालो होतो. बाकीचे शहाणे गप्प बसले होते.) मी लगेच चौदा पानी पत्रक काढलं. दिवा, हीटर, दारावरची घंटा, कॅमेरा, जे जे म्हणून इंटरनेटला जोडलेलं आहे त्यातून परका माणूस घरात शिरू शकतो. कामाच्या खोलीत कॅमेरा ठेवू नये. जुना फोन कुणाला देण्याआधी तो पूर्ण पुसून घ्यावा. भाषा इतकी कडक की वाचताना माझाच ऊर भरून आला. हे सगळं लिहीत असताना माझ्या पाठीमागे, पुस्तकांच्या कपाटावर, आम्ही गावाला गेलो की मांजरावर लक्ष ठेवायला घेतलेला कॅमेरा उभा होता. येता-जाता तो माझ्या डोळ्यांना दिसत होता, डोक्याला दिसत नव्हता.

मग एकेक प्रकार सुरू झाले. ढगाळ दुपारी मी वाचत बसलो की टेबलावरचा दिवा आपोआप लागायचा. मी बंद केला तर पुन्हा लागायचा. गारठ्यात नुसत्या शर्टावर बसलो की हीटर सुरू. एकदा सहज मागे वळून पाहिलं तर कॅमेराही सावकाश माझ्याकडे मान वळवत होता. मांजर हललं की तो फिरतो अशी माझी समजूत होती, पण मांजर माझ्या मांडीवर घोरत होतं. आत्या, खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. लोकांचे आजार कुणीतरी वाचतंय आणि त्याबद्दल माझी नोकरी जाणार, हे मला स्पष्ट दिसायला लागलं.

पहिला संशय शेजारच्या रेडिओकाकांवर. ते निवृत्त रेडिओ दुरुस्तीवाले, गॅलरीत दोन अँटेना. पकड मागायच्या निमित्ताने मी त्यांचं घर न्याहाळून आलो. त्यांनी पकड दिली आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं. दुसरा संशय हिच्यावर. ही म्हणाली, मला दिवा लावायचा असला तर मी उठून लावते. तेव्हा मी वाय-फायचा पासवर्ड बदलून एकतीस अक्षरांचा केला. परिणाम असा की घरातल्या सगळ्या वस्तू एकदम मुक्या झाल्या. ही दोन जड पिशव्या घेऊन वीस मिनिटं दारात घंटा वाजवत होती आणि मी आत 'आता कसं शांत वाटतंय' म्हणत होतो. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरातही शांतता होती, पण ती वेगळी. मग मी एकतीस अक्षरं एकेका वस्तूत हाताने भरली. कॅमेऱ्यातसुद्धा, मीच!

शेवटी वैतागून मी कॅमेऱ्यावर पायमोजा चढवला. दोनच दिवसांनी तुझा हिला फोन: "दोन दिवस झाले गं, दिसला नाही तो. बरा आहे ना?" ही म्हणाली, कामात आहेत. तुझी माया बघून मी गहिवरलो, आणि तरीही माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. सोमवारी हिने तो मोजा धुवायला नेला.

मंगळवारी माझं व्याख्यान होतं. दोनशे बारा लोक पडद्यासमोर, मोठ्या बाई जातीने हजर. मी म्हणत होतो, "तुमच्या खोलीत तुमच्याशिवाय कुणी नाही, याची खात्री करून घ्या." तेवढ्यात माझ्या मागून शिंक आली. मग दुसरी. आणि मग तिसरी, जिच्या शेवटी तू "आई गं, मेले" म्हणतेस ती. मोठ्या बाईंनी विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?" मी इतका गडबडलो की म्हणालो, "नाही बाई, कॅमेरा शिंकला." तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अगबाई, आत्या कधी आल्या?"

त्यानंतर मी तुला फोन केला, तेव्हा खरं तर रागवायचं ठरवून केला होता.

"अरे, तूच तर दिलास ना तो जुना फोन," तू म्हणालीस. "त्यात घराचं चित्र होतं. दाबलं, तर तू बसलेला. मला वाटलं, आत्याला बघता यावं म्हणून पोरानं सोय करून दिली."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"कामात असतोस. मधे बोललं की चिडतोस. आज काच पुसताना काहीतरी दाबलं गेलं वाटतं."

"आणि तो दिवा?"

"डोळे फोडून घेत होतास. बघवेना मला."

तुझा फोन पहिल्यापासून माझ्याच खात्यात उघडा होता; त्याला आमचं वाय-फाय लागतच नव्हतं. ही साधी गोष्ट चौदा पानं लिहिणाऱ्याला सुचली नाही. पण मला जास्त लागलं ते वेगळंच. अकरा महिने तू रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्या पाठीकडे बघत बसलीस, आणि तेवढ्या काळात मी तुला आपणहून तीनदा फोन केला. मी मोजले. तिसरा चुकून लागला होता.

मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला चार दिवस कामावरून बाजूला ठेवलं, चौकशी केली, आणि मग पत्रकाला पंधरावं पान जोडायला सांगितलं. त्यात माझी फजिती माझ्याच शब्दांत आहे आणि ती मी दोनशे बारा लोकांना मोठ्याने वाचून दाखवली. नोकरी राहिली. तुझा फोन जुन्या खात्यातून काढला, म्हणून तुला सध्या काही दिसत नसेल. आता जेवणाच्या टेबलावर दुसरा कॅमेरा बसवतोय. त्याची जोडणी ऑफिसच्या कामापासून वेगळी आणि खातं तुझ्या एकटीचं. रोज आठ वाजता मी तिथे चहा घेईन, आणि तोंड तुझ्याकडे असेल. वाफ घे आणि काळजी घे.

तुझाच भाचा
(ऑफिसच्या नोंदीत: घुसखोराचा नातेवाईक)

ता. क. सोबत एक फॉर्म जोडला आहे. चौकशी बंद होण्यासाठी त्यावर तुझी सही लागते. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र. सातव्या रकान्यात 'पडद्यावर काय दिसले?' असं विचारलं आहे. तू हिला फोनवर म्हणालीस की तो अकरा ते बारा पत्ते लावत बसतो. आत्या, पाया पडतो, तिथे 'काही नाही' असं लिही.

ता. क. २. चौकटची दश्शी इस्पिकच्या गुलामावर ठेव, असा तू हिच्याकडे निरोप दिला होतास. ठेवली. डाव सुटला.